आठांचं कडं

३ नोव्हेंबर, सोमवार

पाचशे एकोणनव्वद. परत तेच!

साठ गोळ्या, एकेकीचे जास्तीत जास्त दहा, म्हणजे सगळे मिळून सहाशे. नेमबाजीच्या संघाच्या निवडीला ५९२ लागतात. बेबीच्या आज त्रेपन्न गोळ्या दहात, तीन नवात. आणि चार आठात! नऊवाल्यांचं काही नाही, त्या कुणाच्याही जातात. पण या आठवाल्या! बाकीच्या सगळ्या शहाण्यासारख्या एका भोकातून जातात आणि मधेच एक बाहेर जाऊन बसते. बोलावणं नाही, काही नाही. मी तिचं नाव पाहुणी ठेवलंय.

मास्तर म्हणाले, "बाई, रायफल बघा. मुलीचं काही चुकत नाहीये." मुलगी! माझी नणंद एक्केचाळीस वर्षांची आहे. कानामागचे केस पांढरे झाले, तरी घरात बेबी, पोस्टातल्या काउंटरवर बेबीताई आणि रेंजवर मुलगी.

रायफल बघायची म्हणजे मलाच बघायची. रेंजच्या वर्कशॉपात मी एकटीच. आधी हे होते, हे गेल्यावर त्यांच्या स्टुलावर मी. सहा वर्षं झाली. बेबीची रायफल ह्यांनीच बसवलेली — एका वेळी एकच गोळी घेणारी, जुनी, जड. बोल्ट उघडा, गोळी ठेवा, बोल्ट लावा, सोडा. मग परत तेच, साठ वेळा. दुसऱ्या रायफलीला बेबी हात लावत नाही. दादाची आहे म्हणते.

निवड तेवीस तारखेला. पुढची चार वर्षांनी. तेव्हा मास्तरसुद्धा तिला मुलगी म्हणायचे नाहीत.

कंबर ठणकतेय. आडवी होते.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पाचशे अठ्ठ्याऐंशी. आजच्या पाहुण्या सगळ्या वर, घड्याळात बारा असतात तिथे.

वर जातात म्हणजे नळी दस्त्यात नीट बसलेली नाही. दोन स्क्रू असतात तिला धरून ठेवणारे. पुढचा सैल असणार. रायफल उघडली, खाच पुसली, पुन्हा बसवली, दोन्ही स्क्रू ह्यांच्या काटेवाल्या पान्याने मोजून आवळले. दीड तास गेला. दुपारी घरी धावत. सासूबाईंपाशी बसवलेली शेजारीण निघून गेली होती आणि त्या तासभर एकाच कुशीवर. "आलात? या," म्हणाल्या. डावं अंग गेलं तीन वर्षांपूर्वी, जीभ मात्र शाबूत.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे विचारलं, "किती झाले?"

मी सांगितलं.

"बरं," म्हणाल्या आणि डोळे मिटले. पोरीचे कमी आले तर कुठल्या आईला बरं वाटतं? पण यांना वाटतं. पोरगी हातची जायला नको ना!

६ नोव्हेंबर, गुरुवार

पाचशे अठ्ठ्याऐंशीच. पाहुण्या आज उजवीकडे, तीनच्या काट्यावर.

वरच्या बंद झाल्या म्हणजे स्क्रूचं काम जमलं. उजवीकडे जाते म्हणजे चाप. बोट सरळ मागे न येता कडेला ओढलं जातं. चाप उघडला. आत धूळ, जुनं तेल, घट्ट झालेलं. सगळं धुतलं, हलका केला, बेबीला दहा वेळा रिकामा ओढायला लावला. "लोण्यासारखा झालाय गं वहिनी!" मग घाल की त्यात सुरी नीट!

८ नोव्हेंबर, शनिवार

आज मी शेण खाल्लं. कुणाला सांगणार नाही, इथेच लिहिते.

नळी घासली. नुसती पुसली नाही, पार लख्ख केली, आत डोकावलं तर आरसा. आणि तशीच बेबीच्या हातात दिली! लख्ख नळी आधी पंधरा-वीस गोळ्या उधळत असते, आतून शिशाचा हात फिरला की मग ताळ्यावर येते. हे मला ह्यांनी पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. आधी वीस गोळ्या मातीत सोडायच्या आणि मगच रायफल द्यायची. विसरले. वय झालं की काय माझं? बेबीचं पहिलं निशाणाचं कार्ड म्हणजे नुसती चाळण. मास्तरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

बेबी चिडली नाही. "होतं गं वहिनी," म्हणाली. इतक्या गोड आवाजात की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ नोव्हेंबर, रविवार

सासूबाईंना अंघोळ घातली. दोघींनी मिळून उचलायचं, बेबी खांद्याकडून, मी पायाकडून. आज उचलताना माझ्या पाठीत अशी काही कळ गेली की पाय सुटले हातातून. पडल्या नाहीत, बेबीने सावरलं. "हळू! मी काय पोतं आहे?"

डॉक्टरांनी मला मागच्या महिन्यातच सांगितलंय, वजन उचलायचं नाही. पट्टा दिलाय. पट्टा बांधून वजन उचलते.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहून टाकते. बेबीची निवड झाली की शिबिर. दहा महिने, इथून लांब, मधे सुट्टी नाही. म्हणजे दर अडीच तासांनी कूस बदलायची मी. अंघोळ मी, भांडं मी, "चहा गार आहे" ऐकायचं मी. वर्कशॉपही मीच. दहा महिने!

बेबी निवडली जावी असं मला वाटतं. खरंच वाटतं. तिने लग्न केलं नाही, कुठे गेली नाही, आधी वडील, मग भाऊ, मग आई — सगळ्यांची उस्तवार केली. एवढं एक तिचं स्वतःचं आहे.

आणि पाचशे अठ्ठ्याऐंशी ऐकलं की माझ्या पोटात कुठेतरी हायसं होतं. हेही खरं आहे. कुठल्या तोंडाने सासूबाईंना नावं ठेवते मी?

११ नोव्हेंबर, मंगळवार

रविवारचं लिहिलेलं डोक्यातून जाईना. माझाच हात तर कमी आवळत नाही ना? मनात एक आणि हातात दुसरं, असं होतं माणसाचं.

सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन ह्यांच्या पान्याने स्क्रू पुन्हा मोजले. दोन्ही जिथल्या तिथे, काटा तसूभर हलला नाही. चाप मोजला. ठीक. नळीच्या टोकाची नेम धरायची माशी, तिची कडी, मागची भोकाची चकती, सगळं घट्ट.

हात प्रामाणिक निघाला. मनाचं माहीत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पाचशे सत्त्याऐंशी. पाहुण्या आता डावीकडे, खाली. सातच्या काट्यावर! ही काय नवीन तऱ्हा?

मग गोळ्यांवर संशय. एकाच कंपनीच्या गोळ्या, पण प्रत्येक घाणा, म्हणजे एका वेळी काढलेली खेप, वेगळा, आणि प्रत्येक नळीची जीभ वेगळी. एक घाणा आवडेल, दुसरा थुंकून टाकेल. कपाटातल्या तीन घाण्यांची खोकी काढली. रायफल शिकंज्यात आवळली, म्हणजे माणसाचा हात नाही, श्वास नाही, काही नाही. प्रत्येक घाण्याच्या दहा-दहा सोडल्या.

पहिला बरा. दुसरा भिकार. तिसऱ्याच्या दहा गोळ्या मिळून एकच भोक, माझ्या करंगळीच्या नखाएवढं! कार्ड खिडकीशी धरून कितीतरी वेळ बघत बसले. अशी जुळलेली रायफल मी सहा वर्षांत पाहिली नाही. हे असते तर त्यांना दाखवलं असतं. ते काही बोलले नसते, नुसतं "हं" म्हणाले असते. त्यांचं "हं" म्हणजे खूप होतं.

तिसरा घाणा पूर्ण बेबीच्या नावाने बाजूला ठेवला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पाचशे एक्क्याण्णव!!

एक! एका गुणाने! शेवटच्या कार्डावर शेवटून दुसरी गोळी — आठ. मास्तरांनी टोपी जमिनीवर आपटली, मग स्वतःच उचलून झटकली. "बाई, रायफल बघा." अहो, किती बघू? डोळ्यांत घालून फिरू?

सासूबाई : "किती झाले?"

"एक्क्याण्णव. एकाने हुकलं."

डोळे मिटले. मग, "बरं."

आज मला त्यांचा खरोखर राग आला. चहा मुद्दाम गारच दिला. काही बोलल्या नाहीत, सगळा प्यायल्या. मग माझं मलाच कसंतरी झालं.

१६ नोव्हेंबर, रविवार

चादरी धुतल्या. उशीची खोळ शिवली. बाकी काही नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पाचशे नव्वद.

आज वर्कशॉप सोडून बेबीच्या मागे खुर्ची टाकून बसले. ती पालथी पडलेली, कोपराला पट्टा, गाल दस्त्यावर. बोल्ट, गोळी, बोल्ट, श्वास, ठो. बघत राहावं असं करते ती. पोस्टात शिक्के मारताना पण असाच हात चालतो तिचा, घाई नाही, थांबणं नाही.

तिसऱ्या कार्डाला मधेच तिचा हात मागच्या चकतीच्या गुंडीकडे गेला. कट कट कट. नेम सरकवायची गुंडी असते ती. मग गोळी. आठ. मग पुन्हा कट कट कट.

नंतर विचारलं, "मधेच गुंडी का फिरवलीस?"

"वारा आला होता गं."

मी झेंडीकडे बघितलं. झेंडी काठीला मिठी मारून झोपली होती. आधीही तशीच होती, मी बघत होते. पण तिथे पडलेल्या माणसाला वारा जास्त कळतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ह्यांची एक सवय होती. रायफल समजेनाशी झाली की सगळी कार्डं काढायचे आणि स्वयंपाकघरातला बटर पेपर मागायचे. कार्डावर कार्ड ठेवत जायचे आणि चुकलेली प्रत्येक गोळी बटर पेपरवर टिंबाने उतरवायचे. "कुठल्या बाजूला ओढ आहे ते दिसतं," म्हणायचे.

आज तेच केलं. या महिन्याची सगळी कार्डं. शनिवारची चाळण तेवढी वगळली, ते माझं पाप. नऊवाल्या सोडल्या, फक्त आठवाल्या घेतल्या. चौतीस पाहुण्या. पेन्सिलीने एकेक टिंब.

विसाव्या टिंबाला हात थांबला. मग उरलेली भराभर उतरवली.

ओढ कुठल्याच बाजूला नाही. वर, उजवीकडे, खाली, डावीकडे, सगळीकडे सारख्या. आणि मध्यापासून सगळ्या सारख्याच लांब! सातात एक नाही. नऊच्या रेघेला चिकटलेली एक नाही. चौतीस टिंबांचं एक कडं. बांगडी ठेवून गिरवावं इतकं गोल!

बिघडलेली रायफल कशीही फेकते. लांब, जवळ, कुठेही. थकलेला माणूसही तसाच. असं मोजून कोणी चुकत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

खात्री केली. रायफल शिकंज्यात, तिसरा घाणा. पाच सोडल्या, एकच भोक. मग गुंडी दहा खटके फिरवली आणि एक सोडली. कार्ड आणलं, वर बटर पेपर ठेवला.

नेमकी कड्यावर.

म्हणजे मी पुढचा स्क्रू आवळला तेव्हा पाहुणी उजवीकडे गेली. चाप धुतला तेव्हा डावीकडे. तिला सगळं ठाऊक आहे, कुठे गोळी गेली की मी काय उघडून बसेन. मला रोज नवं काम देत होती! दादाची बहीण शोभते. माझ्या पाठीचे तुकडे झाले त्या स्टुलावर वाकून वाकून, आणि ही मजेत खटके मोजतेय!

आणि "होतं गं वहिनी"! माझ्या चुकीने तिचे गुण फुकट खाली गेले होते, त्या दिवशी तिला खटके मोजायची गरजच नव्हती. म्हणून तो गोड आवाज.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कशासाठी, हे विचारायची गरज नाही. त्या रविवारी माझ्या हातातून आईचे पाय सुटले तेव्हा बेबीने माझ्याकडे बघितलं होतं, आईकडे नाही.

आधी राग आला. कोणी सांगितले होते हे उपकार? माझ्यासाठी म्हणून तिने घरी राहायचं आणि मी ते ओझं पण उचलायचं? डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केलीय!

मग राग गेला आणि दुसरंच काहीतरी आलं. ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. कुणालाही माहीत नाही. मास्तरांना नाही. मी बटर पेपर चुलीत टाकला तर परवा बेबी ५९० मारेल, सगळे हळहळतील, आणि सोमवारी सकाळी आम्ही दोघी मिळून सासूबाईंना उचलू. खांद्याकडून ती, पायाकडून मी. मला काही करायचंच नाहीये. नुसतं गप्प बसायचं आहे. आणि मी इतकी दमलेय की गप्प बसणं मला सहज जमेल.

दिवसभर बटर पेपर पदराआड घेऊन फिरले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

रायफल पुसली. नळी लख्ख केली नाही! स्क्रू मोजले. तिसऱ्या घाण्याची खोकी पेटीत ठेवली.

बटर पेपर चार घड्या करून पेटीच्या झाकणात, तिच्या हातमोज्यात खोचला. कड्याच्या मधे जागा रिकामीच होती. तिथे पेन्सिलीने लिहिलं — जा.

एवढं लिहायला अर्धा तास लागला.

२३ नोव्हेंबर, रविवार

वर्कशॉपच्या खिडकीतून बघत होते. बेबीने पेटी उघडली, हातमोजा घेतला, कागद पडला. उलगडला. बाकीचे नेमबाज पट्टे बांधत होते, ती उभीच. मग कागदाची घडी केली, पोस्टात पाकिटाची करतात तशी कड दाबून, आणि खिशात घातली. एकदा खिडकीकडे बघितलं. हसली नाही, काही नाही.

मग पालथी पडली. सव्वा तास तिचा हात गुंडीकडे गेला नाही. झेंडी जरा हलत होती, तरी नाही.

पाचशे सत्त्याण्णव.

मास्तर माझ्याकडे पळत आले, साठीचा माणूस! "बाई, काय केलंत रायफलीला?" मी म्हटलं, "एक कागद घातला." "कुठे? दस्त्यात?" मी मान डोलावली. आता जन्मभर सगळ्यांच्या दस्त्यात कागद घालतील.

बेबी शेवटी आली. पेटी ठेवली, स्टुलावर बसली आणि माझ्या पट्ट्याला डोकं टेकून रडली. मीही.

घरी सासूबाई : "किती झाले?"

"सत्त्याण्णव."

"बरं" आलं नाही. तोंड भिंतीकडे केलं. खांदा हलत होता. पोरगी चालली म्हणून. आज मलाही तसंच वाटत होतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पोस्टातल्या शिपायाची बायको सकाळ-संध्याकाळ यायला तयार झाली. दणकट आहे. सासूबाईंना एकटीने उचलते. "ही मला लोळवते," सासूबाईंची तक्रार सुरू. चला, माझ्या वाट्याच्या थोड्या कमी होतील.

३० नोव्हेंबर, रविवार

बेबी सातच्या गाडीने गेली.

दारात, पेटी खांद्याला लावल्यावर म्हणाली, "वहिनी, एक सांगते. आईला कळू देऊ नकोस. ते आठ मारायचं माझ्या डोक्यातलं नव्हतं. आईने शपथ घातली होती. म्हणाली, तुझी वहिनी मोडत चाललीय, तिला दिसत नाही, मला पडल्या पडल्या दिसतं. तिला माझ्यापाशी एकटी टाकून जाऊ नकोस."

चोवीस वर्षं झाली मला या घरात. "दमलीस का" हे एकदाही नाही. आणि ते रोजचं "बरं"!

आत गेले. चहा दिला. एक घोट घेऊन म्हणाल्या, "गार आहे."

"हो आई. बदलून आणते."

ओट्याला धरून पोटभर रडून घेतलं. मग नवा चहा टाकला. दोघींचा.